तापलेले पोलाद आणि कोयत्याची मजबुती

ऐन भातकापणीत विळ्याचे अगर कोयत्याचे पाते मोडले, तर कामाचा दिवस वाया जातो आणि प्रसंगी हातासही इजा होते. दोष लोखंडाला दिला जातो. परंतु उत्तम पोलादही अयोग्य तापमानावर ठोकल्यास तडकते. त्याचे कारण लोहाराप्रमाणेच शेतकऱ्यानेही समजून घेणे हिताचे आहे.

खालापूर तालुक्यातील शिळफाटा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. लगतच्या खोपोलीस १९६२ साली स्थापन झालेल्या महिंद्र युजीन स्टील कंपनीचा मिश्रपोलादाचा कारखाना उभा राहिला. मिश्रपोलाद खेड्यातील लोहारालाही परके नाही. मोटारीच्या कमानीचे जुने पाटे तो कोयत्यासाठी वापरतो. या पोलादात अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक कार्बन आणि शिवाय सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम असते.

पोलाद सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असते. थंड पोलाद ठोकले असता हे कण ताणले जातात. धातू कठीण होत जाऊन अखेर तडकतो. सुमारे ७२५ अंश सेंटिग्रेडच्या वर कणांची रचना पालटू लागते. त्याहून बऱ्याच अधिक उष्णतेत, दबलेल्या कणांच्या जागी नवे, ताणरहित कण तयार होतात. म्हणून पोलाद मऊ राहते व हवा तसा आकार घेते. मिश्रणातील क्रोमियमसारखी द्रव्ये ही पुनर्रचना मंद करतात. साहजिकच कमानीच्या पाट्यास साध्या लोखंडाहून अधिक जोराचे घाव लागतात आणि तो वारंवार भट्टीत घालावा लागतो. कारखान्यातील अवजड यंत्रांनाही हाच नियम लागू आहे.

काम करताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. पाट्यास बारीक चीर असल्यास तो वापरू नये.

२. पोलादाचा रंग सावलीत पाहावा. उन्हात तो फिका दिसतो व अंदाज चुकतो.

३. नारिंगी-पिवळा रंग, म्हणजे सुमारे १,००० ते १,१०० अंश, येईपर्यंत आतपर्यंत सारखे तापवावे.

४. तेजस्वी लाली ओसरून रंग काळपट लाल होऊ लागताच घण थांबवावा व पोलाद पुन्हा तापवावे.

५. पोलादातून ठिणग्या उडू लागल्यास ते जळाले असे समजावे. तो भाग तोडून टाकावा. पाणी देऊन तो सुधारत नाही.

६. लाली गेलेले, पण अद्याप २००-३०० अंश गरम असलेले पाते ठोकू अगर वाकवू नये. या अवस्थेत पोलाद ठिसूळ असते.

७. असे पाते पाण्याऐवजी तेलात विझवावे आणि नंतर पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा.

ग्रामसेवकांनी कापणीपूर्वीच गावातील लोहार व शेतकरी यांना एकत्र आणून या गोष्टी भट्टीवर प्रत्यक्ष दाखवाव्यात. रंग ओळखून घातलेला घाव हत्याराचे आयुष्य वाढवतो आणि ते वापरणाऱ्याचा हातही सांभाळतो.