फालूनच्या शाफ्टमधली लाकडी भिंत

स्वीडनच्या दालार्ना प्रांतात फालून शहराला लागून तांब्याची जुनी खाण आहे. तिथला क्रॉइट्स शाफ्ट 208 मीटर खोल आहे आणि त्याचे उभे दोन भाग करणारी भिंत चक्क लाकडाची आहे. 19व्या शतकात ती उभारली गेली. मुंबईचा राजाबाई टॉवर सुमारे 85 मीटर उंच. असे दोन एकावर एक ठेवले तरी या शाफ्टच्या तोंडापर्यंत पोहोचणार नाहीत. जगातल्या सर्वांत उंच लाकडी बांधकामांत तिचं नाव घेतलं जातं.

ओलसर अंधारात लाकूड कुजायला हवं. हे टिकलं ते खाणीच्या पाण्यामुळे. फालूनच्या खनिजात गंधक भरपूर. त्याला हवा-पाणी लागलं की हिराकस आणि मोरचूद तयार होऊन पाण्यात उतरतात. आपले द्राक्ष बागायतदार चुन्यात मोरचूद कालवून बोर्डो मिश्रण फवारतात ते बुरशी मारायलाच. तसलंच औषधी पाणी इथे लाकडात मुरत राहिलं. थंडीचीही मदत झाली: पर्यटक 67 मीटरपर्यंत उतरतात, तिथे भर उन्हाळ्यातही पारा पाच-सहा अंशांवर असतो.

याच पाण्याने एक माणूसही राखला. मात्स इस्राएलसन हा तरुण 1677 मध्ये बेपत्ता झाला. 1719 मध्ये खाणीच्या एका पाणी भरलेल्या भागात त्याचा देह सापडला, अगदी जसाच्या तसा, तरी इतक्या वर्षांनी कुणाला ओळख पटेना. अखेर म्हातारी झालेली त्याची वाग्दत्त वधू पुढे आली आणि तिने ओळखलं. पुढे कित्येक वर्षं लोक पैसे मोजून तो देह पाहत होते. त्याला शेवटची माती मिळाली ती थेट 1930 मध्ये. फालूनच्या कथांमध्ये मात्सच पुढे असतो. मला मात्र भिंत उभारणाऱ्या सुतारांचीही तितकीच आठवण ठेवावीशी वाटते.

कारण ही खाण लाकडाची वैरीण होती. सुरुंगाची दारू रुळेपर्यंत, आणि नंतरही बराच काळ, खडकाला भिडवून लाकडं रचायची, पेटवायची आणि तापून तडकलेला दगड फोडून काढायचा, ही इथली रीत होती. खनिज भाजायला पुन्हा लाकूड, गाळायला कोळसा. 1650 मध्ये इथून सुमारे 3,000 टन तांबं निघालं. युरोपची दोन-तृतीयांश गरज ही एकटी खाण भागवत असे. गंधकाच्या धुराने आसपासची झाडी करपली होती. 1734 मध्ये इथे आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस या नरकसदृश जागेने हादरून गेला होता.

तांब्याच्या हव्यासापायी खोदकामांमधले खडकाचे आधारही पोखरले गेले. 1687 मध्ये मिडसमरच्या सणात ते ढासळले आणि आजचा प्रचंड खड्डा तयार झाला. सुटी असल्याने खाणीत कुणी नव्हतं. एकही जीव गेला नाही. त्यानंतर आधार राखून, नकाशे आखून खोदण्याकडे लक्ष वळलं. लाकडी भिंत मला या शिस्तीची वारसदार वाटते.

खाण 1992 च्या डिसेंबरात बंद झाली आणि 2001 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. खनिजाच्या जुन्या ढिगाऱ्यांतून मात्र अजून लाल रंगद्रव्य काढतात. राय या धान्याचं पीठ, जवसाचं तेल, हिराकस आणि पाणी यांच्यासोबत शिजवून त्याचा रंग होतो. स्वीडनभरची कितीतरी लाकडी घरं त्याने रंगवतात.