स्क्रीनशॉट व त्यावरील खुणांकन

संगणकाच्या पडद्यावर एखाद्या क्षणी दिसणाऱ्या दृश्याची संगणकानेच टिपलेली प्रतिमा म्हणजे स्क्रीनशॉट होय. ती कॅमेऱ्याने घेतलेली नसते. पडद्यावरील प्रत्येक चित्रबिंदूचे रंगमूल्य संगणक आपल्या स्मृतीतून उतरवून घेतो. त्यामुळे ती मूळ दृश्याइतकीच स्पष्ट असते. अशी प्रतिमा छाटणे, तिच्यावर बाण, चौकट वा मजकूर घालणे आणि नको तो भाग झाकणे यांसाठीची साधने आता प्रचलित संगणक-प्रणालींत अंगभूत असतात.

विंडोज १० व ११ या प्रणालींत विंडोज, शिफ्ट व एस या कळा एकत्र दाबल्यास पडद्याचा हवा तेवढाच भाग निवडता येतो. मॅक संगणकावर हेच काम कमांड, शिफ्ट व ४ या कळांनी होते. २०१८ मधील मोहावे या आवृत्तीपासून टिपलेल्या प्रतिमेवर तेथल्या तेथे खुणा करण्याची सोय झाली.

खुणांचा उपयोग स्थळ निश्चितपणे दाखविण्यासाठी विशेष होतो. उदा., पालघर तालुक्यातील मुरबे व सातपाटी ही मच्छीमारांची गावे एकाच खाडीच्या समोरासमोरच्या तीरांवर वसली आहेत. या खाडीतील एखादी जागा दुसऱ्यास कळवावयाची असल्यास पडद्यावरील नकाशाचा आवश्यक भाग टिपून जागेभोवती वर्तुळ व वाटेसाठी बाण काढता येतो. कोणता तीर अभिप्रेत आहे याविषयी संदेह उरत नाही. खुणा थोड्या व ठळक असाव्यात आणि नकाशाची प्रमाणपट्टी छाटली जाऊ नये.

खूण करणे म्हणजे प्रतिमेत भर घालणे, तर माहिती लपविणे म्हणजे ती प्रतिमेतून काढून टाकणे. या दोन क्रिया भिन्न आहेत. आधार क्रमांकावर किंवा बँकेच्या खाते क्रमांकावर अर्धपारदर्शक रेघ ओढल्यास तो डोळ्यांना दिसेनासा होतो; परंतु प्रतिमेची उजळता वाढविल्यास तो पुन्हा वाचता येऊ शकतो. यासाठी पूर्ण अपारदर्शक चौकट वापरावी. पीडीएफ दस्तऐवजात मात्र अशा चौकटीखालीही मूळ अक्षरे शिल्लक राहू शकतात.

छाटण्याच्या क्रियेतही असा धोका आढळला आहे. विंडोज ११ मधील स्निपिंग टूल व विंडोज १० मधील स्निप अँड स्केच या साधनांत छाटलेली प्रतिमा मूळ संचिकेवरच साठविल्यास जुन्या प्रतिमेचा काही अंश संचिकेच्या शेवटी उरत असे व तो परत मिळविता येत असे, हे मार्च २०२३ मध्ये उघडकीस आले. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दोष दूर केला. तथापि तोवर इतरांकडे गेलेल्या प्रतिमांना या दुरुस्तीचा उपयोग नव्हता.

स्क्रीनशॉट सहज बदलता येत असल्याने तो मूळ दस्तऐवजाची जागा घेऊ शकत नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबारा उताऱ्याचा स्क्रीनशॉट घेतल्यास केवळ स्वाक्षरीचे चित्र उतरते. ती पडताळण्याची सोय मूळ संचिकेतच राहते. म्हणून मूळ संचिका जपून ठेवावी, खुणा तिच्या प्रतीवर कराव्यात आणि गोपनीय मजकूर शक्यतो टिपण्यापूर्वीच पडद्यावरून दूर करावा.