दोन वेतांमधला हिशेब

महाराष्ट्रातल्या व्यावसायिक गोठ्यांत आज प्रामुख्याने होल्स्टिन फ्रिजियन, म्हणजे बोलण्यातल्या ‘एचएफ’, संकरित गायी दिसतात. त्यांच्या दुधाचा भाव गोठेमालकाच्या हातात नसतो. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटव्यतिरिक्त घन घटक) मोजले जातात, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या खाली एकेक पॉइंट उतरला की दर कापला जातो. त्यामुळे नफ्याचा फैसला बहुतांशी खर्चाच्या बाजूला होतो, आणि खर्चात साधारण दोन-तृतीयांश वाटा चारा आणि खुराकाचा असतो.

उन्हाळ्यात हिरवा चारा विकत घेणारा गोठा बहुधा तोट्यातच जातो. त्यावरचा उपाय म्हणजे मुरघास. मक्याच्या कणसात दाणा चिकात आला की पीक कापून बारीक कुट्टी करतात. मूठभर कुट्टी दाबून सोडली आणि गोळा हळूहळू सुटला, तर ओलावा बरोबर. हातातून पाणी गळाले तर पीक आणखी सुकू द्यायचे. कुट्टी खड्ड्यात थर देऊन ट्रॅक्टरने दाबतात आणि वर प्लॅस्टिक घालून हवाबंद करतात. हवा नसली की आंबवणारे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि चारा टिकतो. दीडेक महिन्यात पिवळसर हिरवा, आंबूस गोड वासाचा मुरघास तयार होतो. दाबण्यात कंटाळा केला तर बुरशी धरते आणि तो भाग फेकावाच लागतो. गव्हाणीत मुरघासाच्या जोडीला कडबा कुट्टी, सरकी पेंड, मक्याचा भरडा, खनिज मिश्रण असते. खुराक दुधाच्या हिशेबाने द्यायचा असतो. सगळ्या गायींना सारखेच पाटीभर घालणे ही सर्रास आढळणारी आणि महागडी सवय.

चाऱ्याइतकेच महत्त्व दोन वेतांमधल्या अंतराला आहे, मात्र ते वहीत क्वचितच मांडले जाते. गाय साधारण २८० दिवस गाभण असते. व्यायल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती पुन्हा फळली, तर वर्षाला एक वेत मिळते: ३०५ दिवस दूध आणि ६० दिवस भाकड. ही भाकड सुट्टी पुढच्या वेतासाठी कासेला लागतेच. माज दर २१ दिवसांनी येतो आणि जेमतेम अर्धा दिवस टिकतो. तो हुकला, किंवा रेतन करूनही गाय उलटली, तर तीन आठवड्यांचा चारा अंगावर पडतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन, हा जुना ठोकताळा आजही पाळतात. मुका माज असलेल्या गायीवर मात्र रात्रीही नजर ठेवावी लागते.

मुक्त संचार गोठ्यामुळे हे काम सोपे झाले. मोकळी गाय हवे तेव्हा पाणी पिते, सावलीत बसून रवंथ करते, आणि दुसरीवर चढली की माज लगेच ओळखू येतो. उन्हाळ्यात एचएफला ऊन सोसत नाही, म्हणून पंखे आणि फॉगर लागतात. धार यंत्राने काढली तरी कासेची निगा माणसालाच राखावी लागते. धारेनंतर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे राहते. म्हणून सड जंतुनाशकात बुडवून गायीपुढे ताजा चारा टाकतात, म्हणजे ती लगेच खाली बसत नाही. एवढ्यानेही कासदाह बराच टळतो. कासदाह झाला की औषधोपचाराच्या काळातले दूध फेकून द्यावे लागते.

वासराला जन्मानंतर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजणे आणि कालवडी घरच्या घरी वाढवणे, हा भांडवल राखण्याचा भाग आहे, कारण दुभती गाय विकत घेणे महाग पडते. गोऱ्ह्यांचे काय करायचे, हा अवघड प्रश्न आहे. राज्यात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्याने होतीच. २०१५मध्ये बैल आणि वळूही बंदीखाली आले, त्यामुळे त्यांना गिऱ्हाईक उरले नाही. म्हणून लिंगनिश्चित वीर्याकडे कल वाढला. त्याने सुमारे ९० टक्के कालवडी होतात. मात्र गाभण राहण्याचे प्रमाण साध्या वीर्यापेक्षा कमी पडते, म्हणून ते आधी निरोगी कालवडींवर वापरतात.