चटई, जुनी साडी आणि रोजचा अर्धा तास

21 जून 2023 रोजी आपल्या सुरतेत डुमस रोडवर दीड लाखाच्या आसपास माणसांनी एकाच वेळी योगासनं केली आणि सुरतचं नाव गिनीज बुकात गेलं. याआधीचा विक्रम 2018 मध्ये राजस्थानातल्या कोट्यात झाला होता. त्या दिवशी रस्त्यावर बसायला कुणाला पैसे पडले नाहीत. खरा प्रश्न 22 जूनचा असतो.

आमच्या भागातल्या एका वर्गात मी चौकशी केली, तेव्हा माणशी महिना बाराशे रुपये सांगितले. दोघांचे चोवीसशे. एवढ्यात मुलाची ट्यूशन निघते. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथल्या आपल्या बहुतेक घरांचा हिशेब असाच आहे. आणि योगाची गरजही याच घरांना जास्त आहे. लूमच्या खात्यात बारा-बारा तास उभं राहून पोटऱ्या भरून येतात, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर मान आखडते, हिऱ्याच्या घंटीवर वाकून कंबर धरते. कमावणाऱ्याची कंबर धरली, तर घराचं बजेटच कोसळतं.

योग महाग कधी झाला?

लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजेच जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म 1883 साली आपल्या गुजरातेतच, डभोईला झाला. बडोद्यात माणिकरावांकडे ते व्यायाम शिकले, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले आणि अमळनेरला त्यांनी शिक्षणाचं काम केलं. आपल्यातले कितीतरी जण अमळनेरहून ताप्ती लाइनने सुरतेला आले. स्वामीजींचा रस्ता उलटा, गुजरातेतून खानदेशात! 1924 मध्ये त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत तपासायला घेतलं. नागपूरला जनार्दनस्वामींनी तर योग फुकटच शिकवला. त्यांचं योगाभ्यासी मंडळ आजही त्याच वाटेने चालतं.

बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्याला आले, तेव्हा त्यांचेही दिवस ओढाताणीचे होते. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, घोंगडी यांचा आधार घेऊन आसन करण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गेली. आज हेच सामान दुकानात महाग मिळतं. आपल्या घरात ते आधीपासूनच आहे.

घरातलं सामान

पट्ट्याऐवजी जुनी सुती साडी किंवा ओढणी घ्या. सुरतेत सिंथेटिक साड्यांना तोटा नाही, पण त्या हातातून सटकतात. ठोकळ्याऐवजी जाड पुस्तकांचा घट्ट बांधलेला गठ्ठा चालतो. बसायला आणि झोपून करायच्या आसनांना सोलापुरी चादर किंवा सतरंजी दुहेरी घाला. उभ्याची आसनं मात्र तिच्यावर करू नका, गुळगुळीत टाइल्सवर ती सरकते. त्यासाठी अनवाणी, कोरड्या फरशीवर उभं राहावं. जागा कमी असेल, तर एकाने सकाळी आणि दुसऱ्याने संध्याकाळी करावं. उकाड्याच्या दिवसांत पहाटेची गच्ची सगळ्यात बरी.

अर्धा तास कसा वापरायचा

पहिली पाच मिनिटं मान, खांदे, मनगटं आणि घोटे सावकाश फिरवा. मग ताडासन, मार्जारासन, भुजंगासन. दिवसभर उभं राहणाऱ्यांनी पाठीवर झोपून पाय भिंतीला टेकवून पाच मिनिटं राहावं. शेवटी अनुलोम-विलोम आणि शवासन. जेवणानंतर तीन तास तरी जाऊ द्या. रात्रपाळी करून आलेल्याने सूर्यनमस्कारांचा हट्ट धरू नये. त्या वेळी शवासन पुरे.

आयुष मंत्रालयाने योग दिनासाठी पाऊण तासाचा ठरावीक क्रम तयार केला आहे. तो मोबाइलवर फुकट पाहता येतो. 2019 मध्ये स्थापन झालेल्या गुजरात राज्य योग बोर्डाचे प्रशिक्षकही मोफत वर्ग घेतात. आपल्या सोसायटीजवळ असा वर्ग आहे का, ते विचारून घ्या.

एका ठिकाणी मात्र काटकसर नको. मणक्याचा त्रास, पायात मुंग्या, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्यातला केसपेपर स्वस्त पडतो, चुकीचं आसन महाग पडतं.

एकट्याने सुरू केलेलं आठ दिवसांत सुटतं, हे आपण सगळे जाणतो. म्हणून माझी एक सूचना आहे. गणेशोत्सवात आपण दहा दिवस वर्गणी, मांडव, आरती सगळं एकत्र उभं करतो. त्याच गल्लीतली पाच घरं रोज सकाळी सहाला गच्चीवर जमली, तर वर्गणीसुद्धा लागणार नाही. येताना आपली सतरंजी तेवढी आणायची. सासूबाईंनाही सोबत घ्या. गुडघे दुखतात म्हणून त्या नाही म्हणतील, तर त्यांना खुर्चीवर बसवून हात वर करायला लावा.