गळाला लागलेला मोठा मासा

वर्धा जिल्ह्यातल्या तुमच्यापैकी काही जणांनी हिंगणघाटला वणा नदीच्या काठी किंवा आर्वीकडे वर्धा नदीच्या डोहावर बसून गळ टाकला असेल. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, गळाला टोचलेले गांडूळ, एवढेच सामान. एखादा मरळ लागला, की त्या दिवशी घरात तुमचा रुबाब काही वेगळाच!

आता अशी कल्पना करा, की दिवाळीच्या सुट्टीत काकांनी बेत आखला आहे. वर्ध्याहून रेल्वेने साडेसातशे किलोमीटरांवरची मुंबई आणि तिथून पुढे अलिबागजवळचे रेवदंडा. तिथे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. घरची मंडळी, काकांचे मित्र, डबे, चहाचा थर्मास आणि चार-पाच गळ. मासा पकडून विकायचा नाही. हौसेने गळ टाकायचा, मोठा मासा लागला तर त्याच्यासह सर्वांचा फोटो काढायचा आणि रात्री कालवण करायचे. असा हा खेळ जगभर खेळला जातो.

पण नदीवर शिकलेली विद्या इथे पुरत नाही. पहिली अडचण वेळेची. नदीचे पाणी एकाच दिशेने वाहते. खाडीचे पाणी मात्र सहा तास आत येते आणि सहा तास बाहेर जाते. आत येणाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी आणि लहान मासे काठाकडे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे मासे येतात. म्हणून गळ टाकण्याची वेळ घड्याळापेक्षा चंद्रावर ठरते. मुंबईच्या आसपासचे कोळी यासाठी एक सोपे गणित वापरतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ सुमारे तीन वाजता, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. पंचांगातले हे गणित खगोलशास्त्राच्या किती जवळ जाते पाहा! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते व उधाण येते. मुंबईजवळ तेव्हा पाण्याच्या पातळीत साडेचार-पाच मीटरांचाही फरक पडतो. सकाळी कोरड्या पायांनी ज्या खडकावर चढलात, तिथून परतायची वाट दुपारी पाण्याखाली गेलेली असू शकते. काकांना पोहता येते, ही काही सबब नव्हे.

दुसरी गोष्ट मिठाची. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बहुतेक माशांच्या रक्तात त्याच्या साधारण एक-तृतीयांश. शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या दोन चकत्या घ्या. एक साध्या पाण्यात आणि दुसरी लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ठेवा. दोन तासांनी पहिली कडक व टणक झालेली आढळेल, दुसरी लुळी पडलेली. हेच परासरण. वणेतल्या मरळीच्या अंगात कल्ल्यांवाटे पाणी सारखे शिरत असते. ती पाणी जवळजवळ पीत नाही आणि पातळ मूत्र भरपूर बाहेर टाकते. समुद्रातल्या माशाच्या अंगातले पाणी उलट बाहेर निघून जात असते. त्याच्याभोवती पाणीच पाणी, तरी तो तहानलेला! तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींकरवी बाहेर टाकतो.

काही माशांना मात्र दोन्ही साधते. रेवदंड्याच्या खाडीत गळ टाकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतो तो जिताडा त्यांतलाच. बंगाल्यांची भेटकी ती हीच. तो खाडीत आणि नदीच्या गोड्या पाण्यातही वाढतो. अंडी घालायला मात्र खाऱ्या पाण्याकडे जातो. अलिबागकडे खारपाटातल्या शेततळ्यांत जिताडे वाढवण्याची जुनी पद्धत आहे.

आता समजा, तुमच्याच गळाला हाताएवढा लांब जिताडा लागला. सगळे ओरडताहेत, काका म्हणताहेत, “दोरी ढिली सोडू नकोस रे!” मासा वर आला. फोटो निघाला. एकच प्रश्न विचारतो : हा नर की मादी?

जिताड्याचे नवल असे, की तो प्रथम नर म्हणून वयात येतो, काही वर्षे नर राहतो आणि अंगाने मोठा झाला की मादी होतो. तेव्हा फोटोसाठी निवडलेला सर्वांत मोठा जिताडा बहुधा मादीच असणार, आणि अशी एक मादी अंडी घालते ती लाखांनी. खडकांच्या कपारीत राहणाऱ्या गोबऱ्यांमध्ये बरोबर उलट आढळते. त्यांच्या बहुतेक जातींत प्रथम सर्व माद्या, आणि मोठे झालेले काही जण नर. मोठे मोठे जिताडे नेले तर खाडीत माद्या कमी पडतात; मोठे मोठे गोबरे नेले तर नर.

लहान मासे नेऊ नयेत हे आपल्याला सहज पटते. त्यांनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पन्नासाहून अधिक जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, ती याचसाठी. मोठ्या माशाच्या बाबतीत मात्र आपले मन कच खाते. ऑस्ट्रेलियात हाच जिताडा बारामुंडी या नावाने हौशी मासेमारांचा फार लाडका आहे. तिथल्या क्वीन्सलंड राज्यात समुद्रात व खाडीत धरलेला ५८ सेंटीमीटरांहून लहान बारामुंडी ठेवता येत नाही, आणि १२० सेंटीमीटरांहून मोठाही नाही. मला हा दुसरा आकडा अधिक शहाणपणाचा वाटतो.

पण सोडून दिलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. होडीतून तीस मीटर खोल पाण्यात गळ टाकला, तर तिथे दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. गोबरा तिथून भरकन वर ओढला गेला, की बॉइलच्या नियमाप्रमाणे त्याच्या पोटातल्या वाताशयातील वायू चौपट फुगू पाहतो. आतडी तोंडाकडे लोटली जातात, डोळे बाहेर येतात. असा मासा सोडला तरी तो पाण्यावर उलटा तरंगत राहतो. तेव्हा मासे सोडायचेच असतील, तर काठावरून उथळ पाण्यात गळ टाकलेला बरा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून सपाट करून न्यावा, म्हणजे गळ पटकन सुटतो. माशाला धरण्याआधी हात ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि रोगजंतूंना अडवणारा तोच असतो.

एका माशाला मात्र ओल्या हातानेही धरू नका. नदीतला शिंगाडा तुम्हाला ठाऊक आहे. त्याचा समुद्रातला भाऊबंद शिंगाळाही मिशावाला. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना विष असते. काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी. उष्णतेने ते विष निकामी होऊ लागते आणि कळ कमी होते. नंतर डॉक्टर गाठावा.

जाण्यापूर्वी शिंप्याची टेप खिशात टाका. लागलेल्या प्रत्येक माशाची जात, लांबी, तिथी, वेळ आणि तो ठेवला की सोडला, हे एका वहीत लिहा. मोठ्या माशाचा फोटो हवाच असेल, तर तो पाण्यात उभे राहून काढा; मासा अर्धा पाण्यात, तोंड प्रवाहाकडे. कल्ले नीट हलू लागले आणि शेपटीचा जोर हाताला जाणवला, की हात सैल करायचा. कालवणाला मधल्या आकाराचे मासे पुरतात. काकांना हे मासा लागल्यावर सांगून उपयोग नाही, आगगाडीतच सांगून ठेवा.