रोबोट म्हणाला, ‘चूक माझी’

माझ्या दुकानात मुदत संपलेली बिस्किटं मागच्या रॅकवर लपवलेली सापडली. का? कारण चूक दिसली की मी ओरडायचो. मग पोरं सांगणार कशाला?

तेव्हा एक प्रयोग वाचला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ५१ टीम केल्या, प्रत्येकीत तीन माणसं आणि एक छोटा रोबोट. काम होतं टॅबलेटवर रेल्वेमार्ग जोडायचं. काही टीममध्ये रोबोट स्वतःची चूक कबूल करायचा, विनोद सांगायचा. काहींत नुसती कोरडी माहिती द्यायचा, काहींत गप्प बसायचा. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला: चूक कबूल करणाऱ्या रोबोटसोबतची माणसं जवळपास दुप्पट बोलली. तीही रोबोटशी नाही, एकमेकांशी!

तो खेळ होता, दुकान नव्हे, हे मान्य. पण एका यंत्राच्या वागण्याने एवढा फरक पडत असेल, तर मालकाच्या वागण्याने किती पडेल?

आज गल्ला बंद करताना एवढंच म्हणा, “आज ऑर्डर द्यायला मीच विसरलो.” मग थांबा आणि ऐका. लपवलेली चूक शेवटी आपल्याच खिशातून जाते.