देवाची थट्टा

सिन्नरहून पुण्याच्या रस्त्याला लागलें कीं आधीं संगमनेर आणि त्यापुढें नारायणगांव लागतें. जत्रांचे दिवस जवळ आले कीं नारायणगांवीं तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, आणि गांवोगांवचे पुढारी तेथें जाऊन आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसाठीं फड ठरवून येतात. उत्सव देवाचा, वर्गणी गांवाची. आणि त्याच उत्सवांत, देवळापासून हांकेच्या अंतरावर, भर सभेंत श्रीकृष्णाची फजिती केली जाते. याचें गांवकऱ्यांना कधीं नवल वाटलें नाहीं.

नवल वाटतें तें आतां, आणि तें सुशिक्षितांच्या घरांत. सिन्नरमधील एखाद्या घरीं नातू दूरचित्रवाणीवर अमेरिकन व्यंगचित्रमाला पाहत बसलेला असतो. पडद्यावर एक यंत्रमानव देव होऊन बसला आहे, इवलीं इवलीं माणसें त्याची पूजा करीत आहेत, आणि नातू पोट धरून हंसत आहे. आजोबा क्षणभर पाहतात आणि म्हणतात, "देवाधर्माची ही कसली टवाळी? बंद कर तें." नातू विचारतो, "पण आजोबा, जत्रेंतली गवळण पाहून तुम्हीही हंसत होतांच ना?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. मात्र तें शोधण्यासाठीं प्रथम गवळणींत लोक नेमके कशाला हंसतात हें पाहिलें पाहिजे.

तमाशाचा आरंभ गणानें होतो. ढोलकी, हलगी, तुणतुणें आणि झांज यांच्या साथीवर गणपतीला आवाहन केलें जातें. गण संपला कीं गवळण. मथुरेच्या बाजाराला दूधदही घेऊन निघालेल्या गौळणी, त्यांची म्होरकी मावशी, म्हणजे लुगडें नेसलेला पुरुष, आणि त्यांची वाट अडवून उभे राहिलेले श्रीकृष्ण व पेंद्या, एवढा हा प्रसंग. कृष्ण दाण मागतो. मावशी 'तूं कोण?' म्हणून विचारते. तो आपलें देवपण सांगूं लागतो आणि मावशीचा त्यावर कांहीं केल्या विश्वास बसत नाहीं. येथून पुढचा संवाद पाठ केलेला नसतो. कर, महागाई, निवडणूक, गांवचा कारभार, जें त्या वर्षीं लोकांच्या तोंडीं असेल तें गोकुळांत येऊन दाखल होतें.

सभेला हंसूं येतें, कारण भागवतांतली कथा सभेला ठाऊक असते. समोर उभा असलेला गोपाळ कोण आहे हें सर्वांना माहीत आहे. माहीत नाहीं तें एकट्या मावशीला. ज्याला कृष्णच ठाऊक नाहीं अशा परक्या माणसाला तोच प्रसंग वाटसरूंच्या साध्या भांडणासारखा दिसेल. विडंबन हें असें परिचयावर जगतें. परिचय जितका दाट, तितकें हास्य मोकळें. परिचय सरला म्हणजे एक तर विनोद कळत नाहीं, किंवा तोच विनोद अपमानासारखा भासूं लागतो.

या हास्याचें बीज पुराणांतच आहे. भस्मासुराच्या कथेंत भोळा शंकर वर देऊन बसतो आणि मग आपल्याच भक्ताच्या भयानें पळत सुटतो. शेवटीं विष्णूला मोहिनीचें रूप घ्यावें लागतें. ही कथा रंगवून सांगणाऱ्या कीर्तनकाराला कोणी पाखंडी म्हणत नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वर येथें १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'मोहिनी भस्मासुर' हा चित्रपट काढला, आणि त्याच्या जोडीला 'पिठाचे पंजे' हा लहानसा विनोदी चित्रपट दाखविला. देवाची कथा आणि निखळ करमणूक एकाच खेळांत देण्यांत त्यांना विसंगति वाटली नाहीं. पुढें १९१५ सालीं त्यांनीं आगकाड्या किंचित् किंचित् सरकवून प्रत्येक वेळीं एकेक चित्र घेतलें आणि 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट तयार केला. निर्जीव वस्तु पडद्यावर चालविण्याचा आपल्याकडील हा अगदीं आरंभींचा प्रयोग होय. आजचीं व्यंगचित्रें संगणकावर तयार होतात; परंतु स्थिर चित्रें भराभर डोळ्यांपुढून नेऊन हालचालीचा भास उत्पन्न करावयाचा, ही युक्ति तीच आहे.

थट्टेचा दुसरा प्रकार याहून कठोर आहे. तो देवाला न हंसतां देवाच्या नांवावर चालणाऱ्या व्यवहाराला हंसतो. सोळाव्या शतकांत पैठणच्या एकनाथांनीं वासुदेव, जोशी, गोंधळी अशीं गांवांत रोज दिसणारीं सोंगें घेऊन भारुडें रचिलीं. त्यांतील एका भारुडांत एक सासुरवाशीण भवानीला रोडग्याचा नवस बोलते, आणि त्या बदल्यांत सासरचीं माणसें एकामागून एक दूर करण्याची मागणी करते. श्रोते हंसतात ते देवीला नव्हे. देवीशीं बाजारभावानें सौदा करणाऱ्या वृत्तीला हंसतात. आणि हंसतां हंसतां, असाच एखादा नवस आपणही मनांत बोललों आहों, याची आठवण प्रत्येकाला होते. भारुडाचा खरा अर्थ तेथें सुरू होतो.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं हीच परंपरा छापील पुस्तकांत आणली. 'सुदाम्याचे पोहे अर्थात् अठरा धान्यांचें कडबोळें' हें त्यांचें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाच्या फजितीमधून त्यांनीं भाबड्या धर्मसमजुतींची रेवडी उडविली. याच लेखकानें पुढें 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथ लिहिला. आकाशांतील ग्रहांचें गणित करणारा मनुष्य ग्रहांच्या धास्तीनें गांजलेल्या माणसांना हंसतो, तेव्हां त्या हंसण्याला ज्ञानाचा आधार असतो.

या दोन्ही प्रकारांची ओळख ठेवून आतां नातवाच्या पडद्याकडे वळण्यास हरकत नाहीं. तो पाहतो ती मालिका 'फ्यूचरामा'. मॅट ग्रोनिंग यांनीं ती निर्माण केली आणि तिचा पहिला भाग २८ मार्च १९९९ रोजीं अमेरिकेंत दाखविण्यांत आला. फ्राय नांवाचा तरुण त्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीं पिझ्झा पोंचविण्यास जातो, एका शीतपेटींत अडकून गोठतो आणि हजार वर्षांनीं जागा होतो. तेथें त्याला जिवलग मित्र मिळतो तो बेंडर. हा लोखंडी तुळया वांकविण्यासाठीं बनविलेला यंत्रमानव मद्यावर चालतो आणि चोरींत व बढाईंत पटाईत आहे. त्यांच्या अंतराळयानाची कप्तान एक एकडोळी तरुणी आहे; तिचें नांव तुरंगा लीला. हें नांव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारले तर तें योग्यच होय. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां यांनीं १९४६ ते १९४८ या काळांत 'तुरंगलीला' या संस्कृत नांवाची एक भव्य वाद्यरचना केली होती, आणि तिच्यावरून हें नांव घेतलेलें आहे. अमेरिकन मुलाला तें केवळ विचित्र वाटतें. सिन्नरच्या आजोबांना मात्र त्यांतला घोडा आणि त्यांतला खेळ, दोन्ही तत्काळ समजतात.

उलट जेथें संदर्भ अमेरिकन आहे तेथें आपण मावशीसारखे अनभिज्ञ असतों. १९९९ सालच्याच एका भागांत बेंडर व्यसनापायीं रसातळाला जातो आणि मग यंत्रमानवांच्या एका पंथाची दीक्षा घेतो. दीक्षेनंतर तो इतका सोंवळा होतो कीं आधींचा चोरटा बेंडर बरा होता असें मित्रांना वाटूं लागतें. पुढें नियम मोडल्याबद्दल त्याला यंत्रमानवांच्या नरकांत नेतात, आणि त्याच्या सुटकेसाठीं तेथील सैतानाशीं व्हायोलिन वाजविण्याची पैज लागते. ही पैज कोठून आली हें अमेरिकन प्रेक्षकाला सांगावें लागत नाहीं. १९७९ सालच्या एका लोकप्रिय अमेरिकन गाण्यांत अशीच पैज आहे. मराठी प्रेक्षकाला ही खूण पटत नाहीं. पण कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब ज्यानें ऐकले आहेत त्याला तिची गंमत समजावून देणें कठीण नाहीं.

आजोबांना खटकलेला भाग १७ मार्च २००२ रोजीं प्रथम दाखविला गेला. बेंडर अंतराळांत फेंकला जातो आणि एकटाच तरंगत राहतो. एका उल्केवरची सूक्ष्म माणसें त्याच्या अंगावर वस्ती करतात आणि त्याला देव मानूं लागतात. बेंडरला हें अतिशय आवडतें. तो पहिली आज्ञा करतो ती आपल्यासाठीं मद्य गाळण्याची. त्या कामांत कित्येक भक्त मरतात. मग तो त्यांचीं गाऱ्हाणीं ऐकून मदतीला धांवतो. पण हात एवढा मोठा आणि माणसें एवढीं लहान, कीं प्रत्येक मदतीबरोबर नवा संहार होतो. घाबरून तो कांहींच करीत नाहींसा होतो. तेव्हां त्याच्या पाठीमागच्या बाजूला राहणारे लोक, देव आपलें ऐकत नाहीं म्हणून, नास्तिक बनतात. शेवटीं दोन्ही पक्ष अणुयुद्ध करून नाहींसे होतात.

पुढें दुःखी बेंडरला तारकांच्या एका महापुंजांतून बोलणारी एक शक्ति भेटते. कदाचित् ती ईश्वर असेल. ती तसें ठामपणें सांगत नाहीं. फार केलें तर लोक परावलंबी होतात, कांहींच केलें नाहीं तर त्यांची आशा मरते. यासाठीं हात अतिशय हलका लागतो, असें तिच्या बोलण्याचें तात्पर्य आहे. इकडे पृथ्वीवर फ्राय मित्राला शोधण्यासाठीं एका मठांतील भिक्षूंना कोंडून त्यांची दुर्बीण वापरीत असतो. हे भिक्षू त्याच दुर्बिणींतून ईश्वराचा शोध घेत होते. बेंडर सुखरूप परतल्यावर भिक्षू अजून कोंडलेलेच आहेत हें ध्यानांत येतें. देव त्यांना सोडवील असें म्हणून कोणी स्वस्थ बसूं लागतो, तोंच बेंडर सर्वांना परत घेऊन निघतो. सोडवावयाचें तें आपणच सोडविलें पाहिजे.

या कथेंत हंसें होतें तें बेंडरचें. देवपण मिळतांच मद्य मागणारा हा यंत्रमानव, आणि भक्तांकडून नजराणे उकळणारा बुवा, यांत फारसें अंतर नाहीं. मालिकेंतील सर्वच विनोद या तोलाचे नाहींत. कित्येक नुसते चावट आहेत. तथापि हा भाग एकनाथांच्या सासुरवाशिणीच्या शेजारीं बसविला तर तो तेथें परका वाटणार नाहीं.

येथवर सर्व ठीक दिसतें. पण घरांतल्या माणसाची थट्टा घरच्यांनाच शोभते, आणि घरांत प्रवेशच नसलेल्यांचें काय, हा प्रश्न उरतो. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारांत २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला तो याच प्रश्नासाठीं. ज्यांना देवाचें दर्शन नाकारलें होतें त्यांनीं गोकुळांतल्या देवाशीं लडिवाळ थट्टा करावी, अशी अपेक्षा कोणी धरावी? नाशिक जिल्ह्यांतील भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनीं चालविलेल्या आंबेडकरी जलशांनीं तमाशाची ढोलकी घेतली, शाहिरी घेतली; गवळण मात्र गाळली. पुढें १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, सिन्नरपासून फार दूर नसलेल्या येवल्यास, बाबासाहेबांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं अशी घोषणा केली. देवाच्या थट्टेचा विचार करतांना हा इतिहास विसरून चालणार नाहीं. प्रेमाच्या थट्टेलाही आधीं समान प्रवेश लागतो.

कायदाही हास्याकडे पाहतांना हेतु विचारतो. १९२७ सालीं भारतीय दंडविधानांत २९५-अ हें कलम घालण्यांत आलें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ नें घेतली. दोहोंतही बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूनें धर्मभावना दुखविणें हा गुन्ह्याचा गाभा आहे. घराला न्यायालयाइतकें खोल जाण्याची गरज नाहीं. हें हास्य कोणावर पडतें आहे, एवढें विचारलें तरी पुष्कळ झालें. ढोंगावर, अहंकारावर, सत्तेवर पडत असेल तर तें आपल्या संतांच्या ओळखीचें हास्य आहे. दुबळ्याच्या श्रद्धेवर, किंवा दाराबाहेर ठेवलेल्या माणसावर पडत असेल, तर तें देशी असो कीं परदेशी, त्याला आवर घालावा.

आजोबांनीं मालिका बंद करण्याचें कारण म्हणून दिसत नाहीं. मात्र ती संपल्यावर त्यांनीं नातवाला जवळ बसवून भस्मासुराची कथा सांगावी : वर देऊन पस्तावलेला देव आपल्याकडेही आहे, आणि त्यालाही पळतां भुई थोडी झाली होती. कथा ऐकून नातू हंसला, तर पुढच्या जत्रेंत त्याला गवळणीलाही न्यावें. तेथें मावशी कृष्णाला 'तूं कोण?' म्हणून विचारील, तेव्हां त्याचें उत्तर नातवाला आधींच ठाऊक असेल.